१८९६ : दिसलं, पण कळलं नाही

१ जानेवारी १८९६ या दिवशी वुर्ट्सबुर्ग या जर्मन गावातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक विल्हेल्म राँटजेन यांनी युरोपातल्या ओळखीच्या शास्त्रज्ञांना काही पाकिटं पोस्टाने धाडली. आत त्यांच्या ताज्या शोधनिबंधाची प्रत होती आणि सोबत काही छायाचित्रं. त्यांतलं एक त्यांच्या पत्नीच्या हाताचं होतं. त्यात बोटांची हाडं स्वच्छ दिसत होती, एका बोटात अंगठीचं काळं कडं होतं आणि मांस-कातडीची जेमतेम सावली उरली होती. पाच जानेवारीला व्हिएन्नाच्या एका दैनिकाने ही बातमी पहिल्या पानावर छापली आणि तारायंत्राने ती जगभर गेली.

शास्त्रातला शोध इतक्या वेगाने वापरात आल्याची उदाहरणं थोडी आहेत. काही आठवड्यांत डॉक्टर मंडळी क्ष-किरणांनी मोडलेली हाडं तपासू लागली, अंगात रुतलेल्या सुया आणि बंदुकीच्या गोळ्या शोधू लागली. ग्लासगोच्या रुग्णालयात त्याच वर्षी क्ष-किरणांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. वर्ष संपेपर्यंत या विषयावर हजाराच्या आसपास लेख आणि निबंध प्रसिद्ध झाले होते. राँटजेन यांनी पेटंट घ्यायला नकार दिल्यामुळे ज्याच्याकडे निर्वात नळी आणि विजेचं साधन होतं, तो प्रत्येक जण प्रयोग करायला मोकळा होता. हौशी लोक तर स्वतःच्या हाताची हाडं बघण्यासाठी रांगा लावत.

याच वर्षात आणखीही बातम्या येत होत्या. किरणांसमोर बराच वेळ राहिलेल्यांचे केस गळत होते, कातडी भाजल्यासारखी लाल होत होती. अमेरिकेतले विद्युत अभियंते एलिहू टॉमसन यांनी मुद्दाम आपली करंगळी किरणांखाली धरून ती भाजते का ते पाहिलं. ती भाजली, आणि त्यांनी इतरांना सावध केलं. पण उत्साहाच्या भरात फारसं कुणी ऐकलं नाही. एडिसनचा सहाय्यक क्लॅरेन्स डॅली वर्षानुवर्षं आपल्या हातांवरच यंत्रांची चाचणी घेत राहिला. आधी त्याचे हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो गेला.

दिनविशेषाच्या पुस्तकात १८९६ समोर तीन-चार ओळी असतात: पहिलं आधुनिक ऑलिंपिक, मुंबईत सिनेमाचा पहिला खेळ, मुंबईतला प्लेग, नोबेलचा मृत्यू. प्रत्येक ओळ खरी आहे. पण वर्ष सलग वाचलं की वेगळंच काही लक्षात येतं. त्या बारा महिन्यांत माणसाच्या डोळ्यांसमोर विसाव्या शतकाचा बराचसा ऐवज येऊन गेला. लोकांनी तो पाहिला, मोजला, त्याच्या बातम्या छापल्या, काही वेळा पेटंटही घेतलं. त्याचा अर्थ मात्र बहुतेक वेळा दशकांनी कळला. घटना घडण्याची तारीख आणि ती समजण्याची तारीख यांत किती अंतर पडतं, हे पाहायला १८९६ सारखं वर्ष नाही.

ढगाळ दिवस आणि विसरलेले किरण

राँटजेनच्या छायाचित्रांची चर्चा जानेवारीतच पॅरिसच्या विज्ञान अकादमीत झाली. श्रोत्यांत आंरी बेकेरेल होते. प्रकाश शोषून नंतर चमकणाऱ्या पदार्थांचा अभ्यास त्यांच्या घराण्यातच चालत आलेला होता. असे पदार्थ चमकताना क्ष-किरणही सोडत असतील का, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी फोटोची काच काळ्या कागदात गुंडाळली, वर युरेनियमचा क्षार ठेवला आणि सगळं उन्हात मांडलं. काचेवर डाग उमटला. उन्हामुळे चमक आणि चमकेमुळे किरण, असा त्यांचा कयास होता.

फेब्रुवारीच्या अखेरीस पॅरिसवर ढग आले. तयार ठेवलेल्या काचा आणि क्षार बेकेरेलनी खणात ठेवून दिले. १ मार्चला त्यांनी त्या काचा तशाच धुऊन पाहिल्या. ऊन फारसं लागलंच नव्हतं, म्हणजे फिकट डाग अपेक्षित होता. प्रत्यक्षात ठसा चांगला गडद निघाला. किरण सूर्यामुळे येत नव्हते, युरेनियम ते आपणहून सोडत होतं. दुसऱ्याच दिवशी बेकेरेलनी अकादमीला हे सांगितलं.

किरणोत्साराचा शोध तो हाच. पण १८९६ मध्ये त्याचं विशेष कौतुक झालं नाही. क्ष-किरणांनी हाडांची झकास चित्रं येत असताना युरेनियमचे हे अंधूक ठसे कोण बघणार? पुढच्या वर्षाच्या अखेरीस पॅरिसमधल्या एका पोलिश विद्यार्थिनीला डॉक्टरेटसाठी फारसं कुणी न हाताळलेला विषय हवा होता, तिने हा निवडला. तिचं नाव मारी क्युरी. अणूच्या पोटात एवढी ऊर्जा दडलेली आहे आणि ती शहर उजळू शकते तशी जाळूही शकते, हे कळायला पुढची जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

तारेवाचून तार

२ जून रोजी बावीस वर्षांच्या गुग्लिएल्मो मार्कोनीने लंडनमध्ये बिनतारी संदेशाच्या पेटंटसाठी अर्ज केला. मायदेशी इटलीत त्याच्या यंत्राला फारसा भाव मिळाला नव्हता. ब्रिटिश पोस्टखात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्याला हात दिला आणि जुलैच्या अखेरीस लंडनमध्ये दोन इमारतींच्या दरम्यान संदेश जाऊन पोचला.

त्याच वर्षी कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले प्राध्यापक जगदीशचंद्र बोस इंग्लंडला गेले. लिव्हरपूलला भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत त्यांनी स्वतः घडवलेलं उपकरण दाखवलं. अवघ्या काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतलहरी निर्माण करणं आणि पकडणं त्यांना जमलं होतं. इतक्या आखूड लहरी त्या काळात दुसऱ्या कुणाला सहजी हाताळता येत नव्हत्या. कोलकात्यात तर त्यांनी या लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. पण बोसांचा रस निसर्गाचे नियम समजून घेण्यात होता, पेटंटाची त्यांना फिकीर नव्हती. मार्कोनीला धंदा दिसत होता, आणि त्यासाठी लांब लहरीच सोयीच्या होत्या. आज मोबाइलच्या नव्या पिढ्या मिलिमीटर लहरींकडे वळल्या आहेत, तेव्हा अभियंते बोसांचे जुने निबंध पुन्हा उघडून बसतात.

वॉटसन हॉटेलातली संध्याकाळ

७ जुलै १८९६. मुंबईत काळाघोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या ‘सिनेमॅटोग्राफ’चा पहिला खेळ झाला. पॅरिसमध्ये पैसे घेऊन पहिला खेळ दाखवला त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. यंत्र घेऊन आलेले मारियुस सेस्तिए खरं तर ऑस्ट्रेलियाला निघाले होते, वाटेत मुंबई लागली. तिकीट एक रुपया. त्या काळच्या मजुराला ते परवडणारं नव्हतंच, प्रेक्षक अर्थातच बडे लोक होते. सहा छोट्या फिती दाखवल्या गेल्या: स्टेशनात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून सुटणारे कामगार, समुद्रस्नान, पाडली जाणारी भिंत वगैरे. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले आणि मग सर्वसाधारण लोकांनाही ते पाहता आले.

या खेळांना हजर असलेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे छायाचित्रकार होते. मुंबईत लोक त्यांना सावेदादा म्हणत. इतर प्रेक्षक थक्क होऊन घरी गेले. सावेदादांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये झालेल्या कुस्तीचं चित्रण केलं आणि १९०१ मध्ये केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या स्वागताचं. हिंदुस्थानी माणसाने केलेलं हे पहिलंवहिलं चित्रीकरण. त्या संध्याकाळी वॉटसनमध्ये बसलेल्यांपैकी बहुतेकांनी ती एक गंमत मानली असणार. याच शहरात या गमतीतून लाखो माणसांचं पोट भरेल, असं कुणी म्हटलं असतं तर त्याला हसण्यावारीच नेलं असतं.

हलका धक्का, प्रचंड लाट

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर, सान्रिकू भागात, १५ जूनच्या संध्याकाळी लोक सणाच्या आनंदात होते. चीनशी झालेल्या युद्धावरून परतलेल्या सैनिकांचं कौतुकही चाललं होतं. जमीन हलली, पण हलकीच. भूकंपाची सवय असलेल्या त्या लोकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. अर्ध्या तासाच्या सुमारास समुद्र चढून आला. काही अरुंद खाड्यांत पाणी ३८ मीटर उंचीपर्यंत पोचलं. सुमारे २२ हजार माणसं गेली. दूर समुद्रात मासेमारी करणाऱ्या कोळ्यांना बोटीखालून गेलेली लाट जाणवलीही नाही. सकाळी ते परतले तेव्हा गावं उरली नव्हती.

धक्का हलका आणि लाट एवढी कशी, याचं समाधानकारक उत्तर १९७२ मध्ये मिळालं. हिरोओ कानामोरी यांनी दाखवून दिलं की काही भूकंपांत समुद्रतळाचा तुकडा सावकाश सरकतो. जमिनीवर त्याची थरथर कमी जाणवते, पाणी मात्र प्रचंड प्रमाणात ढकललं जातं. म्हणजे धोक्याची सूचना लोकांना मिळालेली होती, फक्त ती वाचण्याची विद्या अजून जन्माला यायची होती.

हवेचा हिशेब

एप्रिल १८९६ च्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ या इंग्रजी नियतकालिकात स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांचा एक लांबलचक निबंध आला. पृथ्वीवर हिमयुगं का आली, हा त्यांचा मूळ प्रश्न. हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू जमिनीवरून निघणारी उष्णता अडवतो हे आधीपासून माहीत होतं. हा वायू कमी-जास्त झाला तर तापमान किती बदलेल, याचा आकडा अऱ्हेनियसना हवा होता. चंद्रावरून येणाऱ्या उष्णतेची सॅम्युअल लँगली या अमेरिकन शास्त्रज्ञांनी केलेली मोजमापं त्यांनी आधाराला घेतली आणि अनेक महिने कागद-पेन्सिलीने हजारो आकडेमोडी केल्या. निष्कर्ष असा: वायूचं प्रमाण दुप्पट झालं तर पृथ्वी सरासरी पाच ते सहा अंशांनी तापेल.

आजच्या संगणकांच्या अंदाजापेक्षा हा आकडा थोडा चढा आहे, पण तो त्याच पट्ट्यात बसतो. सव्वाशे वर्षांपूर्वी हाताने काढलेला हिशेब म्हणून तो थक्क करणारा आहे. कोळसा जाळल्याने हा वायू हवेत जातो, हेही अऱ्हेनियसना ठाऊक होतं. पण तेव्हाच्या वेगाने तो दुप्पट व्हायला हजारो वर्षं लागतील असं त्यांना वाटलं. पुढे त्यांनी असंही लिहिलं की थंड प्रदेशातल्या लोकांना थोडी ऊब मिळाली तर बरंच होईल. स्वीडनच्या हिवाळ्यात बसलेल्या माणसाने असं म्हणावं यात नवल नाही. त्यांच्या काळी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे तीनशेहून किंचित कमी भाग होते. आज ते चारशे वीसच्या वर गेले आहेत.

ज्या लँगलींची मोजमापं अऱ्हेनियसनी वापरली, त्यांनीच ६ मे १८९६ रोजी वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीवर वाफेच्या इंजिनाचं एक बिनमाणसी विमान उडवलं. ते साधारण एक किलोमीटर अंतर कापून अलगद पाण्यावर उतरलं. तीनच महिन्यांनी, ९ ऑगस्टला, बर्लिनजवळच्या एका टेकडीवरून झेपावलेले ओटो लिलिएंथाल वाऱ्याच्या झोताने पंधरा मीटरवरून खाली कोसळले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. बिनइंजिनाच्या पंखांवर त्यांनी तोवर दोन हजारांच्या आसपास उड्डाणं केली होती आणि पक्ष्यांच्या पंखांचा नेटका गणिती अभ्यास छापला होता. अमेरिकेतल्या डेटन गावात सायकलींचं दुकान चालवणाऱ्या विल्बर राइटने ही मृत्यूची बातमी वाचली. उड्डाणाबद्दलची आपली जुनी उत्सुकता त्या बातमीने पुन्हा जागी झाली, असं त्याने नंतर सांगितलं. सात वर्षांनी राइट बंधूंचं विमान उडालं.

पहिला बळी

मोटारीची गोष्टही अशीच. ४ जूनच्या पहाटे डेट्रॉइटमध्ये हेन्री फोर्डने सायकलीच्या चाकांवरची आपली पहिली गाडी तयार केली. गाडी शेडच्या दारातून बाहेर निघेना, तेव्हा त्याने कुऱ्हाडीने भिंतीच्या विटा फोडल्या. १७ ऑगस्टला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत प्रात्यक्षिकाच्या गाडीने ब्रिजेट ड्रिस्कॉल या चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला धडक दिली. गाडीचा वेग माणसाच्या भरभर चालण्याइतकाच असल्याची साक्ष झाली. मोटारीखाली मेलेली ब्रिटनमधली ती पहिली पादचारी. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने अशी घटना पुन्हा घडू नये, अशी आशा व्यक्त केली. तीन महिन्यांनी ब्रिटनमध्ये मोटारींची वेगमर्यादा वाढवणारा कायदा लागू झाला. आज रस्ते अपघातांत जगभर दरवर्षी दहा लाखांहून जास्त माणसं मरतात.

नकाशा, निकाल आणि मॅरेथॉन

राजकारणातही समोरचं न दिसण्याची किंमत मोजावी लागली. १ मार्चला आद्वा इथे इटलीच्या फौजेची इथिओपियाच्या सम्राट मेनेलिकच्या सैन्याशी गाठ पडली. इटालियनांचा नकाशा चुकीचा होता. एक तुकडी भलत्याच टेकडीवर जाऊन एकटी पडली आणि मेनेलिकच्या प्रचंड सैन्याने एकेक तुकडी गाठून मोडली. हजारो इटालियन सैनिक मेले, सेनापती बाराटिएरी कसाबसा निसटला, ऑक्टोबरात इटलीने इथिओपियाचं स्वातंत्र्य मान्य केलं. मेनेलिकने युरोपातूनच आधुनिक बंदुका जमवल्या होत्या आणि सम्राज्ञी ताइतू स्वतः रणांगणावर होती. आफ्रिकी राजा इतकी तयारी करू शकतो, हे रोममधल्या मंत्र्यांच्या हिशेबातच नव्हतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झांझिबारच्या राजवाड्यावर ब्रिटिश नौदलाने तोफा डागल्या आणि पाऊण तासाच्या आत युद्ध संपवलं. साम्राज्यांना झांझिबारचा धडा लक्षात राहिला, आद्वाचा राहिला नाही.

१८ मे रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात निकाल दिला. काळ्या आणि गोऱ्या प्रवाशांना आगगाडीत वेगळे डबे ठेवणं घटनेला धरून आहे, असं सात न्यायाधीशांनी ठरवलं. जॉन हार्लन या एकट्या न्यायाधीशाने विरोधी मत नोंदवलं. वर्तमानपत्रांनी या निकालाची फारशी दखल घेतली नाही. या निकालाच्या आधारावर दक्षिणेतल्या शाळा, दवाखाने, पाण्याचे नळ वेगळे राहिले. शाळांच्या बाबतीत तो उलटायला १९५४ उजाडलं.

त्या वर्षीची गाजलेली बातमी होती अथेन्सची. ६ एप्रिलला तिथे आधुनिक ऑलिंपिक सुरू झालं. सुमारे २४० खेळाडू, सगळे पुरुष. पहिल्या क्रमांकाला सोन्याचं नाही, चांदीचं पदक मिळे. मॅरेथॉन ही शर्यत ग्रीसच्याच स्पिरिदोन लुईसने जिंकली आणि सारं अथेन्स वेडं झालं. तरीही पुढचं ऑलिंपिक पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात पार हरवून गेलं, आणि ही स्पर्धा टिकते की नाही याची शंका होतीच.

मांडवीतले उंदीर

या वर्षाने महाराष्ट्राला सगळ्यात खोल जखम केली ती सप्टेंबरात. मुंबईच्या मांडवी भागात धान्याची गोदामं होती, गोदीतून येणारी पोती तिथे उतरत. त्या भागात ताप आणि जांघेत गाठी असलेले रोगी मरू लागले. २३ सप्टेंबरला डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग असल्याचं निदान केलं. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये प्लेगने कहर केला होता आणि तिथे अलेक्सांद्र येर्सँ यांनी त्याचा जंतू ओळखला होता. म्हणजे रोगाचं नाव माहीत होतं, जंतू माहीत होता. मांडवीत मेलेले उंदीरही सगळ्यांना दिसत होते.

माहीत नव्हता तो दुवा. मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला चावते आणि जंतू रक्तात जातो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं आणि तेही कित्येक वर्षं अनेकांना पटलं नाही. तोवर सरकारी यंत्रणा घाणीला आणि माणसांनाच रोगाचं मूळ समजत राहिली. गटारांत जंतुनाशक ओतलं गेलं, घरं रिकामी केली, सामान जाळलं, रोग्यांना घरातून उचलून रुग्णालयात नेलं. या उपायांनी रोगापेक्षा भीतीच जास्त पसरली. काही महिन्यांत जवळपास निम्मी मुंबई गावाकडे पळाली आणि तिच्याबरोबर रोगही गेला.

फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात घरतपासणीच्या नावाखाली झालेल्या जुलमाचा शेवट २२ जूनला प्लेग अधिकारी रँड यांच्यावरच्या गोळीत झाला. १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. पुढच्या अडीच-तीन दशकांत हिंदुस्थानात या साथीने एक कोटीहून अधिक जीव घेतले. एका पिसूचं काम न कळल्याची ही किंमत.

उजेडाची बाजूही सांगायला हवी. ऑक्टोबर १८९६ मध्ये जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी तुटपुंज्या साधनांवर लस तयार करायला घेतली. तीन महिन्यांत ती तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने चालते.

मांडवीच्या त्या जंतूचा धागा दर्बानपर्यंत गेला. सत्तावीस वर्षांचे मोहनदास गांधी त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतून मायदेशी आले होते. तिथल्या हिंदी लोकांच्या हालांबद्दल त्यांनी राजकोटमधून एक पत्रक काढलं. त्याच्या हिरव्या मुखपृष्ठामुळे ते ‘हिरवं पत्रक’ म्हणून ओळखलं गेलं. मुंबईत त्यांनी सभा घेतली, पुण्यात येऊन लोकमान्य टिळकांना आणि गोखल्यांना भेटले. पत्रकाचा सारांश मात्र तारेने दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत पोचला तो तीन विपर्यस्त ओळींत. डिसेंबरात गांधींचं जहाज दर्बानला पोचलं तेव्हा मुंबईच्या प्लेगचं कारण देऊन उतारूंना तीन आठवड्यांहून अधिक काळ बंदरातच अडकवून ठेवलं. जानेवारीत ते उतरले आणि गोऱ्या जमावाने त्यांना मारहाण केली. हल्लेखोरांवर खटला भरायला त्यांनी नकार दिला. दर्बानच्या जमावाला एक आगाऊ वकील दिसला होता.

पुणे आणि रायगड

पुण्यात त्या वर्षी वाद पेटलेले होते. सार्वजनिक सभा टिळकांच्या गटाकडे गेल्यावर न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांनी १८९६ मध्येच डेक्कन सभा काढली. पावसाने दगा दिला, दुष्काळ पडला. सरकारच्या दुष्काळ संहितेत रयतेला काय सवलती आहेत, हे ‘केसरी’ आणि सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते खेडोपाडी सांगत होते. एप्रिलमध्ये रायगडावर शिवजयंतीचा उत्सव झाला, इतक्या वर्षांनी गडावर माणसांची गर्दी उसळली.

या गदारोळात जून महिन्यात फर्ग्युसन कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी विधवा मुलींच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रम मंडळीची स्थापना केली. विधवेशी पुनर्विवाह केल्याबद्दल वाळीत टाकलेला, मितभाषी माणूस. दारोदार वर्गणी मागत फिरे. रानडे-टिळक वादावर तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने भरले, तो वाद आज अभ्यासकांपुरता उरला आहे. कर्व्यांचं रोपटं हिंगण्याला वाढलं आणि त्याच कामातून १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं.

रायगडाच्या पायथ्याजवळ नाते गावात १४ जानेवारी १८९६ ला एक मूल जन्मलं. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले आणि मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख ते हेच.

मृत्यू आणि मृत्युपत्र

त्या वर्षी गेलेल्यांची यादी मोठी आहे. फ्रेंच कवी पॉल व्हर्लेन, पियानोवादिका क्लारा शुमान, गुलामगिरीविरुद्ध कादंबरी लिहून अमेरिका हलवणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो, इंग्लंडचे कवी आणि कलाकारागीर विल्यम मॉरिस. ३० डिसेंबरला मनिलात स्पॅनिश सरकारने होसे रिसाल यांना गोळ्या घातल्या. पस्तीस वर्षांचा हा नेत्रवैद्य कादंबरीकारही होता. बंडाशी थेट संबंध नसतानाही त्याला मारून सरकारला वाटलं की फिलिपिन्स आता शांत होईल. दीड-दोन वर्षांत स्पेनला ते बेट-राष्ट्र सोडावं लागलं.

त्याआधी वीस दिवस, १० डिसेंबरला, इटलीत सान रेमो इथे डायनामाइटचे जनक आल्फ्रेड नोबेल वारले. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी त्यांना नायट्रोग्लिसरीन दिलं होतं. ज्या द्रव्याच्या स्फोटावर त्यांनी संपत्ती उभी केली, तेच औषध म्हणून घ्यायची वेळ आली याची त्यांना स्वतःलाच गंमत वाटली होती. मृत्युपत्र उघडलं तेव्हा नातेवाईक हादरले, स्वीडनचा राजाही नाराज झाला. तीन कोटी क्रोनरहून अधिक रकमेच्या व्याजातून दरवर्षी पाच पारितोषिकं द्यायची होती. राग्नार सोल्मान या तरुण अभियंत्याने कज्जे निस्तरून १९०० मध्ये प्रतिष्ठान उभं केलं.

गंमत अशी, की या पारितोषिकांच्या पहिल्या काही वर्षांतले मानकरी १८९६ च्याच बातम्यांतले होते. १९०१ मध्ये राँटजेन. १९०२ मध्ये हॉलंडचे पीटर झेमान, कारण प्रकाशावर चुंबकाचा परिणाम होतो हे त्यांनी १८९६ मध्येच दाखवलं होतं. १९०३ मध्ये क्युरी दांपत्याबरोबर बेकेरेल. १९०९ मध्ये मार्कोनी. अऱ्हेनियसनाही १९०३ चं रसायनशास्त्राचं पारितोषिक मिळालं, पण ते द्रावणांवरच्या वेगळ्या कामासाठी. हवेच्या हिशेबाकडे तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं.

नोबेलनी मृत्युपत्रात एक अट घातली होती. पारितोषिक त्याला द्यावं, ज्याने मागच्या वर्षभरात मानवजातीचं सर्वांत जास्त भलं केलं. उद्योजकाची ही भाषा होती: वर्ष संपलं, ताळेबंद मांडा, नफा कुणाचा ते ठरवा. प्रतिष्ठानचे नियम लिहायला बसलेल्यांना हे अशक्य असल्याचं लगेच उमगलं. म्हणून त्यांनी वाट काढली: काम जुनं असलं तरी चालेल, त्याचं महत्त्व अलीकडे कळलेलं असलं म्हणजे पुरे.

कुठल्याही वर्षाबद्दल बोलताना हाच नियम लावावा. वर्षाअखेरीस छापल्या जाणाऱ्या ‘सरत्या वर्षातल्या महत्त्वाच्या घटना’ वाचाव्यात जरूर, पण निकाल म्हणून वाचू नयेत. आपल्या चालू वर्षातही कुणीतरी हवेचा, पाण्याचा किंवा एखाद्या जंतूचा हिशेब मांडून ठेवला असेल आणि तो आतल्या पानावरही छापून आला नसेल. १८९६ च्या लोकांना तशी कागदपत्रं शोधण्याची सोय नव्हती. आपल्याला ती आहे, म्हणून आतली पानं वाचण्याची जबाबदारीही आपलीच आहे.